आधी खुंट राखा, मग रोप लावा

मी सुतार. जांबोटीच्या पुढे, घाटाच्या अंगाला आमचं गाव. आबांपासून तीन पिढ्या आम्ही लाकडावर जगतोय. दारं, चौकटी, पाट, चौरंग, देवाची पालखी, पूर्वी नांगर आणि बैलगाड्या. सुतारानं जंगल राखायची गोष्ट करावी, हे काही जणांना खटकतं. पण लाकूड संपलं तर सगळ्यात आधी हातातला रंधा खाली ठेवावा लागेल तो मला. आणि झाड तयार व्हायला किती वर्षं लागतात हे माझ्याइतकं रोज कोण बघतं? खानापूर, बेळगाव, चंदगड भागात आपल्या गावचं रान टिकावं असं वाटणारी पुष्कळ माणसं आहेत. नेमकं करायचं काय, इथं त्यांचं अडतं. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

२००९ साली मी एका दलालाकडून सागवानाचा ओंडका घेतला. लग्नघराची चौकट होती, घाई होती. कागद मागितला नाही. ओंडक्याचं तोंड सारखं केलं, ओल्या फडक्यानं पुसलं, तशी आतली वर्तुळं उठून दिसायला लागली. सागवानात ती स्वच्छ मोजता येतात, वर्षाला एक. पेन्सिलीनं दर दहाव्या वर्तुळावर टिंब देत गेलो. मधोमध पहिली पंधरा-सोळा वर्तुळं इतकी दाट, की बोटाच्या एका पेरात मावावीत. मोठ्या झाडांच्या सावलीत ते पोर कसंबसं उभं होतं. मग एकाएकी वर्तुळं रुंद झाली. शेजारचं एखादं मोठं झाड पडलं असणार आणि याला ऊन मिळालं. सालीपर्यंत पोचलो तेव्हा नऊ टिंबं झाली होती आणि वर दोन वर्तुळं. ब्याण्णव. माझे आबा जन्मायच्या आधीचं झाड.

दोन महिन्यांनी गावाच्या वर झऱ्याकडं गेलो, तर गायरानात ताज्या कापाचा खुंट. कापाच्या एका कडेला गाठ होती. तीच गाठ माझ्या ओंडक्यावरही होती. टेप काढून घेर मोजला, तोही जुळला. मी तिथंच बसून राहिलो. गुरं घेऊन आलेली आमच्या भावकीतली म्हातारी काकी म्हणाली, "काय बघायलास रे? मेलं न्हाई ते. मुळं हाईत की खाली. येतंय बघ परत, नुसतं पायाखाली जाऊ देऊ नको."

त्या दिवसापासून मी जे शिकलो ते सगळं त्या खुंटापासून सुरू होतं.

खुंट कसा राखायचा

जून आला की सगळीकडं रोपं वाटतात, खड्डे काढतात, फोटो होतात. रोप लावणं चांगलंच आहे. पण आपल्या डोंगरात दर दहा पावलांवर तोडलेल्या झाडाचा जिवंत खुंट असतो, तिकडं कुणी बघत नाही. रोपाला मूळ असतं वीतभर. खुंटाला पन्नास वर्षांचं मूळ असतं, खडकाच्या फटीत कुठवर गेलेलं, पाणी माहीत असलेलं. म्हणून सागवानाचा फुटवा पहिल्याच पावसाळ्यात माणसाच्या डोक्याच्या वर जातो, आणि त्याच जूनमध्ये लावलेलं रोप दिवाळीला गुडघ्याशी असतं.

आपल्याकडची बरीच झाडं अशी परत येतात. सागवान, मत्ती (म्हणजे ऐन), जांभूळ, नाणा, पळस. फार म्हातारं किंवा आतून कुजलेलं झाड मात्र फुटेलच असं नाही.

करायचं असं. खुंटाचा वरचा काप फाटका असेल तर धारदार करवतीनं तो गुळगुळीत आणि थोडा उतरता करा, म्हणजे पावसाचं पाणी वर साचत नाही. साचलं की बुरशी लागते आणि कूज खाली उतरते. खुंटाची साल सोलू देऊ नका. फुटवा सालीच्या आतून येतो. पहिल्या पावसात दहा-पंधरा कोंब येतील. ते सगळे तसेच राहू द्या. घाई करून पहिल्याच वर्षी एक ठेवला आणि तोच गुरांनी मोडला, तर हाती काही उरत नाही.

दुसऱ्या वर्षी, पानगळ झाली की, माघाच्या सुमाराला निवड करायची. इथं बहुतेक लोक चुकतात. सगळ्यात उंच कोंब ठेवायचा मोह होतो आणि तो बऱ्याचदा खुंटाच्या वरच्या काठावरून आलेला असतो. दहा वर्षांनी खुंट कुजतो तेव्हा तो वळवाच्या वाऱ्यात सालीसकट उपटून पडतो. ठेवायचा तो अगदी जमिनीलगत, मुळाच्या बेचक्यातून आलेला. तो पुढं स्वतःची मुळं धरतो. असा एक, फार तर एकमेकांपासून लांबचे दोन ठेवा. बाकीचे धारदार कोयत्यानं बुडाशी कापा, ओढून तोडू नका. ओढलं की साल खाली फाटत जाते आणि ठेवलेल्या कोंबालाही इजा होते.

मग भोवती करवंदीच्या काट्यांचं कुंपण. तार लागत नाही, खांब लागत नाहीत. आडव्या-उभ्या फांद्या एकमेकींत अडकवून कमरेइतकं उंच करायचं आणि दर दिवाळीनंतर काटे बदलायचे. तीन वर्षं एवढं केलं की झाड आपलं आपण उभं राहतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. स्वतःच्या मालकीत आणि ग्रामसभेच्या संमतीनं गावच्या जमिनीत हे करता येतं. राखीव जंगलात कोयता चालवायचा नाही, कोंबावरसुद्धा नाही, तो गुन्हा होतो. तिथं आधी गार्डला भेटा, खुंट दाखवा, काय करायचंय ते सांगा. मी भेटलो तेव्हा गार्ड स्वतः काटे घेऊन आला होता.

पॉलिशचा डबा आणि मलप्रभेचं पाणी

झाडं का हवीत, हे शाळेत सगळ्यांना पाठ करून घेतात. पाऊस, ऑक्सिजन, सावली. मला ते खऱ्या अर्थानं कळलं एका रिकाम्या डब्यामुळं, आणि तुम्हीही ते अर्ध्या तासात करून बघू शकता.

पॉलिशचा किंवा तेलाचा एक लिटरचा पत्र्याचा डबा घ्या. खालचं आणि वरचं, दोन्ही तोंडं कापून टाका. नळकांडं झालं. ते रानात झाडाखाली, पालापाचोळा अलगद बाजूला करून, दोन बोटं खोल जमिनीत दाबा. वर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं हळू ठोकलं की बसतं. त्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि घड्याळ बघा. मग तेच गुरांच्या वाटेवर करा, झाडं काढून उघड्या केलेल्या काजूच्या बागेत करा, शाळेच्या मैदानात करा.

आमच्या देवाच्या राईत पाणी एका मिनिटात गडप झालं. माझ्या पुतण्यानं ओतलं, मान वर करून "झालं?" म्हणेपर्यंत तळ दिसत होता. तिथून चाळीस पावलांवर गुरांची वाट आहे. त्या डब्यात अर्ध्या तासानं दोन बोटं पाणी तसंच उभं होतं, वर एक मुंगी तरंगत होती. माती तीच, लाल. पाऊस तोच. फरक होता तो मुळांच्या भोकांचा, गांडुळांचा आणि वर पडलेल्या पानांच्या गोधडीचा. जंगलात पडलेला पाऊस आत जातो आणि चैत्र-वैशाखात झऱ्याला येतो. उघड्या डोंगरावरचा पाऊस माती घेऊन त्याच दुपारी ओढ्याला जातो.

आपल्या भागात ही गोष्ट एका गावापुरती राहत नाही. मलप्रभा आमच्या कणकुंबीला उगवते. तिथून ३०४ किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्यांनी नविलुतीर्थचं धरण बघितलं असेल, ते याच पाण्याचं. हुबळी-धारवाडच्या नळाला येतं तेही हेच. म्हादई भीमगडच्या रानात उगवून गोव्यात मांडवी होते. बैलूरच्या बाजूनं येणारी मार्कंडेय राकसकोपला अडवली आहे आणि बेळगाव शहर ते पाणी पितं. कणकुंबीला जेवढा पाऊस पडतो त्याच्या निम्मासुद्धा बेळगावात पडत नाही. म्हणजे बेळगावच्या टिळकवाडीतल्या माणसाची घागर आमच्या डोंगरातल्या पालापाचोळ्यात भरते. बेळगावात कामाला जातो तेव्हा गिऱ्हाइकांना मी हे सांगतोच.

त्यामुळं साधी सूचना: झऱ्याच्या वरच्या अंगाचा पालापाचोळा झाडून आणू नका. गोठ्यात घालायला, तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) वाफ्यावर भाजायला लागतो, हे मला माहीत आहे, आमच्या घरीही शेती आहे. बांधावरचा आणा, शेताकडच्या झाडांखालचा आणा. झऱ्याच्या डोक्यावरचा तेवढा सोडा. आणि डब्याचा हा प्रयोग पोरांकडून ग्रामसभेच्या दिवशी सगळ्यांसमोर करून घ्या. आमच्याकडं तो बघितल्यावर झऱ्यावरचं गायरान पाच वर्षं चराईला बंद ठेवायचं ठरलं. माझ्या बोलण्यानं ते ठरलं नसतं.

देवाची राई

आमच्या राईत विळा नेत नाहीत. पडलेलं लाकूड देवळासाठी वापरतात, घरी नेत नाहीत. आबांनी केलेली पालखी त्याच राईतल्या वादळात पडलेल्या फणसाची. अजून तिला कीड नाही. माझ्या हातून तिची दुरुस्ती झाली तेव्हा एक दांडा बदलला, तोही राईतल्याच पडझडीतून.

आता राईला धोका कुऱ्हाडीचा कमी आणि सिमेंटचा जास्त आहे. गावोगावी जीर्णोद्धार चाललेत. मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी श्रद्धेनं वर्गणी पाठवतात, कौलारू देऊळ जातं, स्लॅबचा सभामंडप येतो, आणि भोवती फरशी किंवा पेव्हर ब्लॉक. शेजारच्या एका गावात देवळापुढचा जुना नांद्रुक (वडाच्या जातीचं झाड) अगदी खोडापर्यंत काँक्रीट घालून "सुंदर" केला. मी तिथं दाराचं काम करत होतो. बोललो, पण जोर लावून बोललो नाही, ही माझी चूक. तिसऱ्या वर्षी शेंडा वाळला, पाचव्या वर्षी झाड गेलं. मुळांना पाणी लागतं तसा वाराही लागतो.

तुमच्या गावात असं काम निघालं तर आराखडा ठरायच्या आधी बसा. खोडाभोवती निदान पाच फूट माती उघडी ठेवायला सांगा. फांद्यांचा घेर जिथवर तिथवर ठेवली तर फारच चांगलं. पार बांधायचाच असेल तर दगड मातीत बसवा, सिमेंट नको, आणि खोडावर मातीचा भराव घालू नका. गाड्या लावायची जागा राईच्या बाहेर ठेवा. वर्गणीदारांना फोन करून सांगितलं तर ते ऐकतात, हा माझा अनुभव आहे. लहानपणी याच राईत ते जांभळं वेचत होते.

पोकळ झाडाबद्दल मुद्दाम सांगतो, कारण आम्हा सुतारांना ते बिनकामाचं वाटतं आणि "पडेल कधीतरी" म्हणून तेच आधी तोडलं जातं. धनेश पक्षी घरटं करतो ते फक्त अशाच मोठ्या झाडाच्या ढोलीत. मादी आत बसते, तोंड चिखला-विष्ठेनं लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. नर महिनोन्महिने त्या फटीतून उंबराची, नांद्रुकाची फळं भरवतो. अशी ढोली बनायला झाड खूप जुनं व्हावं लागतं. आणि हाच पक्षी त्या फळांच्या बिया डोंगरभर टाकत जातो. आमच्या राईच्या वरून त्याच्या पंखांचा आवाज जातो तेव्हा मशीन बंद करून मी बघतो. झाड वाटेवर किंवा घरावर झुकलेलं नसेल तर ते पोकळ आहे म्हणून तोडू नका.

राईला कागदाचा आधारही द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावची जैवविविधता नोंदवही व्हायला हवी. पीडीओकडं (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याकडं) जाऊन ती वही बघायला मागा. राईची जागा, सर्व्हे नंबर, झाडांची नावं, पाळले जाणारे नियम, झरा, सगळं त्यात लिहून घ्या. झाडांची नावं सांगायला गावातली दोन म्हातारी माणसं बरोबर न्या. ती गेली की नावं जातील.

वणवा

फेब्रुवारी लागला की माझं लक्ष कामात नसतं. वाऱ्याबरोबर वास येतो का, तेवढं बघतो.

आपल्याकडं रान आपोआप पेटत नाही. कुणी कोवळं गवत यावं म्हणून पेटवतं, कुणी काजूची बाग साफ करताना बांधावरचा कचरा जाळतं, कुणी मधाचं पोळं काढायला धूर करतं, कुणी विडी टाकतं. आगीनंतर गवत हिरवं येतं, ते खरं आहे. पण तीन-चार वर्षांची सगळी पिल्लावळ, ती मत्तीची, जांभळाची बोटभर रोपं, एका दुपारी जातात. वरची मोठी झाडं हिरवी दिसतात म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. खाली पुढची पिढीच नसते.

म्हणून काम डिसेंबर-जानेवारीतच करायचं. बागेच्या आणि जंगलाच्या मधे दहा-बारा फुटांची पट्टी खरवडून मोकळी करा, गवत आणि पाला आपल्या बाजूला ओढा. कचरा जाळायचाच असेल तर पहाटे जाळा, वारा पडलेला असताना, चार माणसं आणि पाण्याचे कॅन घेऊन, आणि राख थंड झाल्याशिवाय घरी येऊ नका. त्याहून चांगलं म्हणजे जाळूच नका. तोच पाला काजूच्या बुंध्याभोवती पसरला तर उन्हाळ्यात ओल टिकते.

आग लागलीच तर पहिला फोन फॉरेस्टला. कर्नाटक वन खात्याचा मोफत नंबर १९२६. गार्डचा नंबर दारामागं खडूनं लिहून ठेवा. जायचं तर जोडीनं जा, सुती कपडे आणि बूट घालून, पाणी घेऊन. नायलॉनचा शर्ट अंगाला चिकटतो. पानं भरलेल्या हिरव्या डहाळ्यांनी गवताची आग झोडता येते, पण मागून आणि कडेनं. आगीच्या तोंडापुढं कधी उभं राहायचं नाही. चढावर आग वर धावते, माणसापेक्षा जोरात, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला थांबू नका. झाडांच्या शेंड्यांना लागलेली किंवा डोक्याएवढ्या गवतातली आग तुमच्या हातची नाही, मागं या. विझल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी परत फेरी मारा. वाळक्या ओंडक्याच्या पोटात निखारा दोन-दोन दिवस जिवंत असतो.

लाकूड घेताना आणि जाळताना

घर बांधायला काढलंय? मग हा भाग माझ्या धंद्याचा. ओंडका किंवा फळ्या घेताना वाहतुकीचा पास मागा आणि लाकडाच्या तोंडावर फॉरेस्टच्या हातोड्याचा शिक्का बघा. विकणारा "नंतर देतो" म्हणाला तर तिथून उठा. सागवान स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवान्याशिवाय तोडता येत नाही. २००९ नंतर मी बिनकागदाची एक ढलपीही दुकानात घेतलेली नाही. गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत.

नव्या लाकडाच्या आधी जुनं बघा. कौलारू घरं पाडताना निघणारे वासे, तुळया, चौकटी पन्नास-पन्नास वर्षं वाळलेल्या असतात. त्या आता वाकत नाहीत, तडकत नाहीत. खिळे नीट काढले आणि वरचा पाव इंच रंधून टाकला की आत लाकूड नव्यासारखं निघतं. फळं द्यायचा थांबलेला परसातला फणस दारासाठी उत्तम. खिडक्यांना लाकूडच हवं असंही नाही.

खिळ्यांवरून आठवलं. बेळगावात रस्त्याकडेच्या झाडांना क्लासेसच्या, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. झाड तो खिळा गिळतं, जागा काळी पडते, आत कूज धरते. असं लाकूड करवतीवर आलं की आमचं पातं तुटतं. कामावर जाताना माझ्या पिशवीत पक्कड आणि खिळे काढायची पहार असते. पाटी उतरवायची, खिळा सरळ रेषेत ओढायचा, हेलकावे द्यायचे नाहीत, म्हणजे भोक मोठं होत नाही. जुना, गिळला गेलेला खिळा उकरून काढू नका, साल जास्त फाटते. शाळेतली पोरं बरोबर असली तर एका रविवारी एक अख्खी गल्ली मोकळी होते.

जळणाचं म्हणाल तर स्वयंपाकाला गॅस बहुतेकांकडं आलाय. लाकूड जातं ते आंघोळीच्या पाण्याला. उघड्या तीन दगडांवरच्या हंड्याखालची निम्म्याहून जास्त आच इकडंतिकडं जाते. त्याला मातीचं बंदिस्त चुलवण करा, मागं धुराडं द्या, लाकूड फाडून आणि वाळवून घाला. ओल्या लाकडाची बरीच आच स्वतःचं पाणी उकळण्यातच जाते. पावसाळ्याआधी काजूच्या छाटलेल्या फांद्या साठवल्या तर रानात जायचं बरंच कमी होतं.

तोडायची नोटीस निघाली तर

रस्ता रुंद होणार, विजेची लाइन जाणार, अशी बातमी आली की लोक तोडायच्या दिवशी गोळा होतात. तेव्हा उशीर झालेला असतो. १९७६ च्या कर्नाटक वृक्षसंरक्षण कायद्याखाली तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक अशा काही झाडांना सूट आहे. पन्नासपेक्षा जास्त झाडं असतील तर जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ती सूचनाच तुमचा दरवाजा.

हरकत रागानं लिहू नका, मापानं लिहा. प्रत्येक झाडाला नंबर द्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, टेपनं घेर घ्या. जात, घेर, ढोली किंवा घरटं आहे का, रस्त्याच्या मध्यापासून किती फूट, हे एका कागदावर ओळीनं मांडा आणि फोटो जोडा. मग प्रत्येक झाडासमोर लिहा: हे का राखता येईल. "इथं गटार दोन फूट आत घेतलं तर १४ ते १९ नंबरची झाडं वाचतात" असं वाक्य अधिकाऱ्याला टाळता येत नाही. "निसर्ग वाचवा" हे टाळता येतं. अर्ज कन्नडमधून लिहून घ्या, मराठी प्रत खाली जोडा. आपल्या भागात भाषेवरून काम अडू देण्याइतका वेळ झाडांकडं नसतो. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्या वाटेवरचे सहा आंबे असे राहिले.

शेजारच्या जिल्ह्यात, शिरसीजवळ साळकणीच्या रानात, १९८३ साली गावकऱ्यांनी झाडांना मिठ्या मारून तोड थांबवली होती. कन्नडमध्ये अप्पिको म्हणजे मिठी मार, चळवळीचं नावही तेच पडलं. ती साधी शेतकरी माणसं होती, आपल्यासारखीच.

रोप, शेवटी

एवढं करूनही जागा उघडी राहिली तर तिथं लावा. एकाच जातीच्या ओळी नकोत. आकेशियाच्या ओळींखाली जाऊन बघा, पक्ष्याचा आवाज क्वचितच येतो आणि खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. आपल्या रानातलं लावा: जांभूळ, मत्ती, किंदळ, हिरडा, बेहडा, कोकम, फणस. वड, उंबर, पांगारा यांच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाच्या तोंडावर दोन फूट खोल रोवल्या तरी धरतात.

बी चांगल्या झाडाचं घ्या. अंकोला तालुक्यातल्या होन्नळ्ळीच्या तुळसी गौडा २०२१ साली अनवाणी जाऊन पद्मश्री घेऊन आल्या. रानातलं कुठलं झाड बी घ्यायच्या लायकीचं आणि बी कधी उचलायचं, ही त्यांची विद्या होती. सरळ, निरोगी, जंगलात दाटीत वाढलेलं मातृवृक्ष बघा, एकाच झाडाचं बी घेऊ नका, पाच-सहा झाडांचं मिसळा. जांभूळ आणि फणस यांचं बी वाळवून ठेवायचं नसतं. गर धुतला की त्याच आठवड्यात मातीत. ठेवलं की मरतं. खड्डे मे महिन्यात दीड फुटाचे काढून उन्हात तापू द्या, मिरगाचे दोन पाऊस पडून गेले की लावा. पिशवी पूर्ण फाडून काढा. बुंध्याशी पाला, त्यावर दोन दगड, भोवती करवंदीचे काटे. पाण्याला पुढची दोन वर्षं कोण जाणार, त्याचं नाव लावायच्या आधी ठरवा. ज्याला नाव नाही ते रोप लावू नका.

खंडेनवमीला आमची हत्यारं पुजतो. रंधे, पटाश्या, वाकस, करवती, सगळ्यांना हळद-कुंकू. त्या दिवशी काम बंद. पूजा झाली की टेप घेऊन मी झऱ्यावर जातो. २००९ च्या त्या खुंटावर मी दोन फुटवे ठेवले होते. एक चौथ्या वर्षी गव्यानं अंग घासून मोडला. दुसरा बुडाशी, झऱ्याच्या बाजूनं आलेला, तो आहे. यंदा छातीच्या उंचीवर घेर बावीस इंच भरला. खुंट आतून कुजून गेलाय, त्याच्या पोटात पाणी साचून बेडूक राहायला आलेत, आणि कडेला एक जांभळाचं रोप उगवलंय. ते मी लावलेलं नाही.